मुंबईत बर्फ कुठे पडतो?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत मेरीलँडला असतात. दिवाळीत त्यांनी गेदर्सबर्ग गावात घर घेतलं, छोट्या विमानतळापासून जेमतेम मैलभरावर. शेजारणीने सांगितलं की 2014 साली ऐन थंडीत इथे एक लहान विमान उतरता उतरता घरांवर पडलं होतं. तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा नाही. जावई म्हणतात, पंखांवर बर्फ साचला, वजन वाढलं आणि पडलं. एवढ्याशा बर्फाने विमान पडतं? पायलटला तो दिसत नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, जावईबापूंचं अर्धं बरोबर आहे. बर्फ होता, पण घात वजनाने होत नाही. पंखाची पुढची कड गुळगुळीत असेल तोवर हवा तिला धरून वाहते. त्या कडेवर पॉलिशपेपरसारखा खरखरीत थर बसला तरी पुरतो, हवा लवकर सुटते आणि पंख विमान पेलेनासा होतो. थंड ढगातलं पाणी शून्याच्या खालीही पातळच असतं, पंखाला टेकलं की जागीच गोठतं. मग तेच विमान तरंगत राहायला जास्त वेग मागतं.

मी तीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली, तेव्हा थोडं माझ्या कामाचं सांगतो. बऱ्याच लहान विमानांच्या पंखांच्या कडेवर काळ्या रबराची पट्टी चिकटवलेली असते. आम्ही तिला बूट म्हणतो, का ते विचारू नका. बटण दाबलं की तिच्यात थोड्या थोड्या वेळाने हवा भरते, रबर फुगतं आणि वर साचलेला बर्फ तडकून उडून जातो. एका जानेवारीत आमच्याकडचं एक विमान दुसऱ्या दिवशी श्रीनगरला जायचं होतं. मी कडेवरून तळहात फिरवत होतो, तर डाव्या बुटाला दोन बारीक भोकं लागली. जुहूचं ऊन आणि खारं वारं रबराला सोसत नाही. विमानवाल्यांचा मॅनेजर म्हणाला, "साहेब, मुंबईत बर्फ कुठे पडतो?" सायकलच्या ट्यूबला लावतात तशी ठिगळं लावली. सोल्यूशन वाळायला वेळ लागतो, सकाळचं विमान दुपारी सुटलं. माणूस महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

आता तुमचं गेदर्सबर्ग. 8 डिसेंबर 2014, सकाळचे पावणेअकरा. एम्ब्रेअर कंपनीचं फेनम 100 जातीचं छोटं जेट नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिलहून येऊन माँटगोमेरी काउंटी एअरपार्कवर, म्हणजे गेदर्सबर्गच्या त्या छोट्या विमानतळावर, उतरत होतं. पायलट एकटाच, या विमानाला तेवढी मुभा आहे. धावपट्टी पाऊण मैलावर राहिली असताना विमान कोसळलं. आतले तिघे गेले. एक पंख इंधनासकट एका घरात शिरला, आग लागली आणि त्या घरातली आई व तिची दोन लहान मुलं गेली.

या विमानालाही बूट होते, आणि माझ्या त्या डाव्या बुटासारखे फाटके नव्हते. उतरताना ते चालूच केलेले नव्हते. तुम्ही विचारता, बर्फ दिसत नाही का? अहो, दिसण्यावर सोडतच नाहीत. बाहेर ठरावीक थंडी आहे आणि ढगात शिरलात, की बटण दाबायचं, असा नियम आहे. पण बटण दाबलं की नुसतं रबर फुगत नाही, सगळं गणित बदलतं. बर्फ नसताना हे विमान 92 नॉट्सने, म्हणजे ताशी 170 किलोमीटरने उतरवायचं. बूट चालू असतील तर 121 नॉट्सने, ताशी 224 ने. धोक्याची घंटाही मग आधी वाजते, कारण विमान धरून चालतं की पंखांवर बर्फ आहे. इथे विमानाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. पायलट कोरड्या पंखांच्या वेगाने येत राहिला आणि 88 नॉट्सच्या आसपास पंखांनी हात टेकले. तेव्हा खाली काहीशे फूटच उरले होते. विमान कलंडलं तर सावरायला तेवढी उंची पुरत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, 2016 मध्ये जो निष्कर्ष काढला त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या एअरपार्कची धावपट्टी सुमारे 4,200 फुटांची. बूट चालू धरून, वाढीव वेगाने उतरायचं तर तेवढ्यात विमान थांबत नाही. म्हणजे बटण दाबणं म्हणजे स्वतःलाच सांगणं, की आज इथे उतरता येणार नाही, डलेस नाहीतर बाल्टिमोरच्या मोठ्या विमानतळावर चला, आणि तिथून गाडी करून या. बटण का दाबलं नाही, हे सांगायला तो माणूस उरला नाही. विसरलाही असेल. पण मला राहून राहून तो मॅनेजर आठवतो. ठरल्या वेळी, ठरल्या जागी पोचायचंच म्हटलं की भल्याभल्यांना बर्फ दिसेनासा होतो. मंडळाने पुढे शिफारस केली, की थंड ढगात बटण बंद राहिलं तर विमानानेच पायलटला टोकावं. मला ते पटतं, शिफारस करायला सहा माणसं जावी लागली याचं वाईट वाटतं.

राहता राहिली तुमची झोप. मुलीला विचारा, घर धावपट्टीच्या टोकाच्या रेषेत आहे की बाजूला. बाजूला असेल तर विमानं सहसा छपरावरून उतरत नाहीत. रेषेत असेल तर आवाजाचा त्रास रोजचाच, तो तिने घर घेताना पाहिला असेलच. आणि जावईबापूंना सांगा, वजनाचा मुद्दा मागे घ्या.