सह्याद्रीत ट्रेकला जाताना बिबट्या-अस्वलापासून वाचायला सोबत काय न्यावं: काठी, फटाके की मिरचीपूड?

मिरचीपूड घरी ठेवा. बिबट्या दिसलाच तर 'तो बघ' म्हणेपर्यंत निघून गेलेला असतो, आणि डोंगरावरचा वारा ती पूड तुमच्याच डोळ्यांत आणून घालतो. फटाके तर नेऊच नका. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, आपण ट्रेकला जातो त्यातला बराच भाग अभयारण्यात येतो. तिथे असलं काही नेणं कायद्यात बसत नाही, आणि वाळलेल्या गवतात एक ठिणगी पडली की बिबट्याच्या आधी तुम्हीच पळाल. काठीचं शेवटी सांगते.

पण मुळात तुम्ही चुकीच्या गोष्टीला घाबरताय. गेली वीस-बावीस वर्षं घाटवाटा करते आहे. बिबट्याचे ठसे पाहिले, विष्ठा पाहिली, झाडावरचे ओरखडे पाहिले, प्रत्यक्ष बिबट्या एकदाही नाही. 'बिबट्या आला' या भीतीने मात्र एकदा आम्हा चौघांना जवळजवळ मारलं होतं, आणि त्याचं पूर्ण श्रेय आमच्या दाजींना.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. माणूस लाख चांगला, अडीअडचणीला रात्री दोन वाजता धावून येणारा. पण वाडीतल्या माणसाला वाट विचारायची म्हटलं की त्यांना कमीपणा वाटतो. 2013 चा डिसेंबर. दाजी, ताई, माझा चौदा वर्षांचा भाचा आणि मी, घाटमाथ्यावरून खाली कोकणात उतरत होतो. घाटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी कोणीतरी तोच ओढा शोधत जाईल. वाट सोपी, मळलेली. चारपर्यंत खालच्या वाडीत पोचायचं ठरलं होतं. पण वर कड्यावर फोटो काढण्यात दीड तास गेला आणि पदरात, म्हणजे दोन कड्यांच्या मधल्या सपाटीवर, आलो तेव्हाच साडेतीन झाले होते.

पदरात कारवीची गच्च झुडपं. तिथे उजव्या हाताने आवाज आला. कुत्रं एकदाच जोरात भुंकावं तसा, मग पाच-सहा सेकंद काही नाही, मग परत तसाच. मी हा आवाज आधी ऐकलेला होता. भेकर. हरणासारखं, शेळीएवढं जनावर आणि आवाज असा की पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

"भेकर आहे," मी म्हणाले.

"अगं, पण भेकर ओरडतं कधी? बिबट्या बघितल्यावर!" दाजी म्हणाले.

आता इथे त्यांचं निम्मं बरोबर होतं, हे मी तेव्हाही कबूल केलं आणि आजही करते. भेकर धोका दिसला की ओरडतं. पण ते बिबट्याला बघून ओरडतं, तसंच मोठ्याने बोलत येणाऱ्या चार माणसांना बघूनही ओरडतं. आणि कधीकधी दहा-पंधरा मिनिटं थांबतच नाही. त्या कारवीत आमच्याइतका आवाज करणारं दुसरं कोणी नव्हतं. दाजींनी मात्र मुलाचा हात धरला आणि वाट सोडून डावीकडे घेतलं. तिथे कोरडा ओढा होता. "ओढा पकडू. पाणी खालीच जातं आणि खाली गाव असतंच."

हे वाक्य मी नंतर किती जणांच्या तोंडून ऐकलं! वाट चुकलात तर ओढ्याने उतरा, हा सल्ला बहुतेक सपाटीवरच्या कोणीतरी दिलेला असणार. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी ते आडवे पसरत गेले आणि एकावर एक थिजले. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या आहेत, कडा, मग पदर, परत कडा. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आलंय. (आम्ही अडकलो तो मात्र सापळाच होता.) पाणी या पायऱ्या उतरत नाही, त्यांच्यावरून उडी मारतं. पावसाळ्यात ज्याच्यापुढे गाडी थांबवून फोटो काढता, तोच धबधबा डिसेंबरात कोरडा पडतो आणि वरून बघणाऱ्याला नुसता ओढा वाटतो.

पहिला टप्पा पुरुषभर उंचीचा होता. बसून घसरलो, भाच्याला मजा वाटली. दुसरा दहा-बारा फुटांचा. दाजी आधी उतरले, मग ताईची ओढणी आणि सॅकचे पट्टे एकत्र बांधून आम्हाला उतरवून घेतलं. मी वर उभी राहून म्हणाले, "दाजी, हे परत चढता येणार नाही." त्यावर ते म्हणाले, "परत चढायचंय कशाला?" या दोन वाक्यांवरून आमच्याकडे अजून भांडण होतं. उतरताना घसरत, लोंबकळत कुठेही जाता येतं. चढायला पकड लागते, आणि पाण्याने हजारो पावसाळे घासलेल्या दगडाला पकड नसते. मी ऐकायला नको होतं. पण मुलगा खाली पोचला होता, मग काय करणार.

तिसऱ्या टप्प्याला ओढा संपला. म्हणजे दगड पुढे जाऊन थांबला आणि त्याच्यापलीकडे हवा. खाली शंभर-दीडशे फूट सरळ. त्याहून खाली झाडीच्या पलीकडे वाडीची कौलं, एका घरातून निघणारा धूर, एवढं स्पष्ट की अंगणात वाळत घातलेलं लाल लुगडं दिसत होतं. मागे तो दहा-बारा फुटी गुळगुळीत दगड. दोन्ही बाजूंना भिंती. मी मागचा दगड चढायचा प्रयत्न केला, दोनदा. दुसऱ्यांदा घसरले तेव्हा डाव्या तळहाताची साल निघाली, ती खूण अजून आहे.

बसायला जागा किती, तर आपल्या हॉलच्या निम्मी. मधोमध एक रांजणखळगा. पावसाळ्यातलं पाणी त्यात उरलेलं, वर कुजलेल्या पानांचा थर, आणि पान बाजूला केलं की तळाशी एक तपकिरी खेकडा, एकच नांगी असलेला. दगडावरचं शेवाळ वाळून कागदासारखं सुटत होतं. ते नखाने सोलत भाचा तासभर काही न बोलता बसला होता. त्याला काही विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. घळीत साडेपाचलाच अंधारून आलं. मोबाइलला रेंज नाही.

शिट्टी होती, तीही आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. बऱ्याच सॅकच्या छातीवरच्या बकलात बारीकशी शिट्टी बसवलेली असते, आत्ता उठून तुमची बघा. ती भाच्याला सापडली. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट गप्प राहायचं, परत सहा. डोंगरात मदतीची ही खूण बऱ्याच देशांत चालते, विजेरीनेही तशीच देता येते. हाका मारून घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी रात्रभर वाजते. साडेआठच्या सुमाराला खालून विजेरीचा उजेड हलला. वाडीतल्यांनी आम्हाला पाहिलं होतं. पण रात्री त्या कड्याखाली येऊन ते करणार काय?

रात्री जनावरं आली का? आलं एक. उदमांजर. खळग्यावर पाणी प्यायला आलं, विजेरीत डोळे चमकले, आमच्याकडे पाहून त्याला किळस आल्यासारखी वाटली आणि ते त्याच गुळगुळीत दगडावरून वर निघून गेलं. ज्या दगडाने आम्हाला अडवलं होतं, त्यावरून! बाकी रातवा ओरडत होता, आणि थंडी. चौघांत दोन स्वेटर. खरा त्रास तिचा.

सकाळी सातला वाडीतले तिघे वरून आले, दोर घेऊन. चाळीस मिनिटांत आम्ही परत मळलेल्या वाटेवर उभे. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाबांनी एकच विचारलं, "वाट सोडली कशापायी?" दाजी म्हणाले, बिबट्या होता. बाबा हसले नाहीत. "भेकरू व्हतं. रोज आरडतंय तिथं."

तर बारा वर्षं होऊन गेली, आणि घरातल्या प्रत्येक लग्नात दाजी ही गोष्ट 'आम्ही बिबट्याच्या तावडीतून कसे सुटलो' म्हणून सांगतात. दाजी, हे तुमच्यापर्यंत पोचेलच, म्हणून लिहून ठेवते: बिबट्या नव्हता.

आता तुम्ही विचारलंय म्हणून. बिबट्या समोर आलाच तर पळू नका, वाकू नका, लहान मूल असेल तर उचलून घ्या, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरा. अस्वल जास्त वाईट, कारण ते दचकलं की अंगावर येतं. वळणावर, झाडीत बोलत चाला म्हणजे त्याला आधी कळेल. आणि झाडावर चढू नका, ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. गवा दिसला तर फोटोसाठी जवळ जायचं नाही. राधानगरीकडे, दाजीपूरच्या बाजूला जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. (दाजीपूरचा आमच्या दाजींशी संबंध नाही.)

ज्याची खरोखर भीती बाळगावी ते जनावर तुम्ही विचारलंच नाही. आग्या मोहोळ. कड्यांच्या पोटाला, लेण्यांच्या तोंडाशी, गडांच्या दरवाज्यांवर. धूर, दगड, भपकेदार अत्तर, आरडाओरडा यांपैकी काहीही पुरतं. एक माशी डसली की तिच्या नांगीतून जो वास सुटतो तो बाकीच्यांना बोलावतो. त्यात पिकलेल्या केळ्याला वास देणारा पदार्थच असतो. हात हलवत उभं राहायचं नाही. तोंड-डोकं झाकून पळायचं आणि लांब पळायचं. पाण्यात उडी मारली तर त्या वर घिरट्या घालत थांबतात. नांग्या जशा निघतील तशा, पण लगेच काढा. कड्याच्या टोकावर असाल तर पळताना पायाखाली बघा, हे सांगायला सोपं आहे, कळतंय मला.

साप: हात-पाय जिथे टाकाल तिथे आधी बघा, घोट्याच्या वर येणारे बूट घाला. चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चालणं कमीत कमी ठेवून दवाखाना गाठायचा.

आता कोणीतरी खाली लिहिणारच की ताई, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट काय आहे मग, सांदण दरी काय आहे, लोक ओढ्या-नाळेतूनच जातात ना. जातात. त्या वाटा ठाऊक असलेल्या आहेत, कुठे दोर लागतो आणि किती लागतो हे आधी माहीत असतं. मी बोलतेय ते वाट चुकल्यावर दिसेल त्या ओढ्यात घुसण्याबद्दल. चुकलात तर थांबा. शेवटची नक्की वाट जिथे होती तिथपर्यंत मागे जा, चढ असला तरी. ढोरवाटांनी फसायला होतं, त्या कारवीत जाऊन संपतात. उजेड संपत आला असेल तर आहात तिथेच बसा. निघण्याआधी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवा, रेंज मिळाली तर 112 आहेच. आणि खालच्या वाडीत कोणाला तरी सांगून ठेवा की चारला पोचतोय. आम्ही सांगितलं असतं तर लोक अंधार पडायच्या आत वर आले असते.

हो, काठी. जरूर न्या. उतारावर गुडघ्यांना बरी पडते.