रस्त्यांमुळे जंगली प्राण्यांचं वागणं बदलतं का, की त्यांना गाड्यांची सवय होऊन जाते?

तुम्ही विचारलंय की कराड-चिपळूण रस्त्याला रात्री गवे सर्रास दिसतात, म्हणजे त्यांना गाड्यांची सवय झाली असं समजायचं का, आणि रात्री जाताना काळजी काय घ्यायची. पहिल्याचं उत्तर: नाही. हेच सवयीचं तुणतुणं आमचे दाजी लग्नात, बारशात, जिथे गाठ पडेल तिथे वाजवतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

माझी पिकअप आहे. कराडला भाजी भरायची आणि उजाडायच्या आत चिपळूणला उतरवायची, हा धंदा. पाटण सुटलं, हेळवाक मागे पडलं की रस्ता घाटमाथ्याला लागतो आणि पुढे कुंभार्ली घाट. रस्त्याच्या उत्तरेला कोयना अभयारण्य, दक्षिणेला चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान. 2010 साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कागदावर जंगल एक झालं, पण जनावराला इकडून तिकडे जायचं तर हा रस्ता ओलांडावाच लागतो.

एका रात्री दाजी शेजारी बसले होते. चिपळूणला त्यांचं काम होतं आणि एसटी चुकली होती. थंडीचे दिवस, मागे ढोबळी मिरची आणि फ्लॉवरचे क्रेट. घाटमाथ्याच्या अलीकडे एका वळणावर डाव्या दरडीवर डोळे चमकले. मी डिप्पर करून, म्हणजे लाइटचा झोत खाली घेऊन गाडी थांबवली आणि चारी इंडिकेटर लावले. गव्यांचा कळप होता. म्होरकी म्हातारी गाय रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली, गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, आणि तिच्यामागून बाकीच्या एकेक उतरायला लागल्या. दाजींनी लगेच मोबाईल काढला. "बघ, कशा निवांत हायत. गाडीचं काय वाटतंय का त्यास्नी?"

निवांत कसल्या! कान एकसारखे फिरत होते, नाकातून फुसकारे चालले होते. गवा घाबरला की पळतोच असं नाही. आधी उभा राहतो, समोरच्याचा अंदाज घेतो. वाघ, रानकुत्रे आले की कळपाने ताठ उभं राहायचं, हे त्याच्या रक्तातलं. गाडीपुढे नेमकं तेच त्याच्या अंगलट येतं.

तेवढ्यात मागून एक कार आली. त्याने हॉर्न दाबून धरला, अप्पर मारले आणि माझ्या उजव्या बाजूने पुढे घुसला. कळप फुटला. चार-पाच गाई दरीच्या बाजूला उतरल्या, दोघी परत दरडीवर चढल्या आणि एक तांबूस वासरू रस्त्यावरच राहिलं. दरीच्या बाजूला लोखंडी क्रॅश बॅरियर आहे. मोठ्या गाई तो संपतो तिथून गेल्या होत्या, वासराला ते उमगेना. त्याने पट्टीखाली नाक घातलं, मान घातली, खांदा अडकला, मागे सरलं. परत तेच. मी काच खाली केली तेव्हा डांबरावर सरकणाऱ्या खुरांची खरखर स्पष्ट ऐकू येत होती. मग ते बॅरियरला अंग घासत चढाकडे धावलं, म्हणजे आईपासून आणखी लांब. आई खालून घोगरं ओरडत होती.

मी इंजिन बंद केलं, लाइट घालवले. समोरून ट्रक येत होता, त्याला टॉर्च दाखवली. त्या भल्या माणसाने काहीही न विचारता गाडी लांब उभी करून लाइट बंद केले. बराच वेळ काहीच नाही. मग खुरांचा आवाज हळूहळू उताराकडे आला, बॅरियरच्या टोकाला थांबला आणि खाली पाचोळा वाजला.

दाजी म्हणाले, "गेलं का न्हाई शेवटी? सवय हुती जनावराला."

चिपळूण येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. तो व्हिडिओ अजून आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतो, खाली 'गव्यांना गाड्यांची सवय' असं लिहून. कार यायच्या आधीच कापलेला आहे.

त्या वळणावर नंतर कळप मला दिसला नाही. आता दिसतो तो खाली ओढ्याच्या मोरीपाशी, आणि तोही मध्यरात्र उलटल्यावर. (कळप तोच, अशी शपथ मी घेणार नाही. गव्याला नंबरप्लेट नसते.) 2018 साली 'सायन्स' या नियतकालिकात 62 जातींच्या सस्तन प्राण्यांवरच्या 76 अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. माणसाचा त्रास वाढला की प्राणी रात्रीचे जास्त हिंडू लागतात, सरासरी 1.36 पट, असं त्यात निघालं. कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलातल्या रस्त्यावरही पाहणी झाली आहे. जिथे वर्दळ जास्त तिथे रस्त्याच्या कडेला गवे आणि चितळ कमी दिसले. दाजी, रात्री जे दिसतात त्यांनी दिवस तुमच्यासाठी सोडलाय. आणि जे रस्त्याकडे फिरकतच नाहीत, ते तुमच्या मोबाईलमध्ये कुठून येणार?

सगळ्यांचं वागणं मात्र सारखं नसतं. बिबट्याला जंगलातली कच्ची वाट आवडते, चालायला सोपी आणि कडेला आपल्या खुणा ठेवायला बरी. ट्रॅप कॅमेरे, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे, अशा वाटांवर लावतात ते त्यामुळेच. खवल्या मांजर धोका दिसला की अंगाची गुंडाळी करून बसतं. बिबट्यापुढे ते खपतं, टायरपुढे नाही. साळिंदर पाठ फिरवून काटे फुलवतं, त्याचीही तीच गत. शेकरू तर सहसा जमिनीवर उतरतच नाही. रस्ता रुंद करताना दोन्हीकडची झाडं गेली की त्याची वरची फांद्यांची वाट तुटते आणि ते पलीकडे जाणंच सोडून देतं. रस्त्यावर मेलेलं दिसत नाही, म्हणून त्याचं नुकसान कुणाच्या हिशेबात येत नाही.

खरी सवय झालीय ती घाटातल्या माकडांना, आणि ती तुम्ही-आम्हीच लावली. कठड्याशी गाडी उभी करून कुरकुरे फेकणाऱ्यांनी 'माकडं फार माजलीत' म्हणू नये.

दाजींचा दुसरा मुद्दा असतो: "मग काय रस्ता बंद करू? तुझीच भाजी कुजंल." कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातल्या रस्त्यावर 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतूक बंद असते, ते त्यांना माहीत आहे. माझं पोट रात्रीच्या रस्त्यावर आहे, बंदी मलाही नको. पण बंद आणि बेफाम यांच्या मध्येही काही असतं. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात जनावरांना खालून जायला 9 पूल बांधले आणि त्यांच्याखालून वाघ, रानकुत्रे, चितळ सगळे जाताना कॅमेऱ्यात आलेत. आमच्याकडे तेवढं नको, निदान ओढ्यांवरच्या मोऱ्या उंच करा आणि जिथे जुनी पायवाट उतरते तिथे क्रॅश बॅरियरला फट ठेवा. माणूस दरीत पडू नये हे बरोबरच आहे, पण सलग पट्टी ठोकताना कुणी जनावराचा विचार केलेला दिसत नाही.

आता तुमची काळजी. हेळवाकच्या पुढे चाळीसच्या वर जाऊ नका. जनावर दिसलं की डिप्पर करा, कारण अप्परने ते दिपतं आणि जागीच थिजतं. हॉर्न अजिबात नाही. एक गेला म्हणजे सगळे गेले असं समजू नका, मागे वासरू असतंच. एकटा नर असेल तर आणखी लांब थांबा आणि फोटोसाठी खाली उतरू नका. जनावर जखमी दिसलं तर वनखात्याचा 1926 नंबर आहे, तिथे कळवा.

मी काही प्राणिशास्त्र शिकलेला नाही, रोजच्या रस्त्यावरचं सांगतोय. आणि हे सगळं कोरड्या दिवसांचं. पावसाळ्यात घाटमाथ्याला असं धुकं उतरतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, तेव्हा दिवसाउजेडीच जा.