दिसत नाही म्हणून बाबा गप्प झालेत

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे, मॅक्युला (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग) खराब झालाय, पेपर वाचता येत नाही. दिवसभर खुर्चीत बसून असतात, जेवण पण कमी झालंय. वयामुळे असेल का?

उत्तर : वय म्हणून सोडून देऊ नका हो! नजर गेल्यावर डिप्रेशन येणं कॉमन आहे आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांसोबत मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फ्री आहे. मॅक्युलाच्या आजारात मधलं दिसत नाही पण कडेचं बऱ्याचदा दिसतं, त्यामुळे लो व्हिजन क्लिनिकमध्ये (कमी दिसणाऱ्यांसाठीच्या दवाखान्यात) भिंग, लाईट, कडेने बघायची प्रॅक्टिस असं बरंच मिळतं, फोनमध्ये टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून सांगणारी सोय) चालू करून द्या. आणि छोटी कामं त्यांची त्यांना करू द्या, कोमट चहा त्यांनाच ओतू द्या, अंदाज घेतील, सांडला तर सांडला.