सॅम आणि डीनवर पहिल्यांदा लिहिताय? मग हे वाचा

तू सुपरनॅचरल या अमेरिकन मालिकेतल्या सॅम आणि डीन या भावांवर गोष्ट लिहायला घेतलीयस हे वाचून खूप बरं वाटलं, पण एक सांगते, दोघं भाऊ एकमेकांसाठी मरायला तयार आहेत एवढ्यावर गोष्ट उभी करू नकोस, ते सगळेच लिहितात. सुरुवात पहिल्या एपिसोडपासून कर. १९८३, घराला आग लागलीय, बाप सहा महिन्यांच्या सॅमला चार वर्षांच्या डीनच्या हातात देतो आणि म्हणतो पळ, मागे बघू नकोस. चार वर्षांचं पोर ते! माझ्या मते डीन तिथून कधी बाहेर आलाच नाही, त्याच्या हातात ते बाळ अजून आहेच.

म्हणून दुसऱ्या सीझनच्या शेवटी मेलेल्या सॅमला परत आणायला डीन स्वतःचा आत्मा विकतो, त्याला स्वतःला जगायला फक्त एक वर्ष उरतं, आणि सॅमला हे हवं असतं का याचा विचारच करत नाही. नवव्या सीझनमध्ये तर सॅम मरायला तयार असताना डीन फसवून त्याच्या शरीरात एंजल घुसू देतो. हा प्रसंग दोनतीनदा बघ आणि सॅमच्या बाजूने लिहून बघ, कारण प्रेम आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही, आणि सॅमचा राग खरा आहे म्हणून प्रेम खोटंही ठरत नाही. दोन्ही एकाच वाक्यात आलं पाहिजे.

आणि त्यांना घाईघाईने सुधारू नकोस प्लीज. एक माफी, एक मिठी आणि सगळं ठीक, असं नाही होत. डीनला आधी फक्त एकदा विचारू दे, "सॅमी, तुला काय हवंय?"