बाळ येणार आणि कुत्रा उड्या मारतोय: दहा आठवड्यांत काय करता येईल

तुमचा दोन वर्षांचा लॅब (लॅब्रडॉर कुत्रा), बेल वाजली की येणाऱ्याच्या छातीवर पुढचे पाय, आणि बाळ यायला दहा आठवडे. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. लसी, जंतांचं औषध, नखं कापणं हे तुम्ही करतच असाल, ते सोडून देतो. लिहायला बसलो ते तुमच्या एका वाक्यामुळे: ‘बाळ आलं की कुत्र्याला थोडे दिवस मागच्या खोलीत ठेवू, बाळ झोपलं की बाहेर काढून लाड करू.’

हे करू नका. दिसायला समजूतदार बेत आहे, पण बहुतेक घरांत गाडी इथेच रुळावरून घसरते.

कुत्रा बाळाकडे ‘घरातलं नवं माणूस’ म्हणून बघत नाही. कशानंतर काय होतं, एवढंच तो टिपत असतो. बाळ जागं झालं, रडलं, आईच्या मांडीवर आलं की ‘हट, लांब हो’ आणि दार बंद. बाळ झोपलं की अपराधी वाटून सगळ्यांची माया. असे पंधरा दिवस गेले की बाळाचा आवाज म्हणजे आपली हकालपट्टी, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. मग तो आवाज आला की अस्वस्थ होतो, भुंकतो, मध्ये घुसतो. त्यावर आपण आणखी ओरडतो आणि गाठ आणखी घट्ट होते.

याच्या बरोबर उलट करायचं. चांगल्या गोष्टी बाळ जागं असताना आणि समोर असताना घडल्या पाहिजेत. बाळाला पाजायच्या खुर्चीशेजारी ट्रीटची (कुत्र्याच्या खाऊच्या तुकड्यांची) झाकणाची बरणी ठेवा. बाळ मांडीवर आलं की कुत्र्याच्या चटईवर एक तुकडा टाका, तो शांत पडून असेल तर थोड्या वेळाने आणखी एक. बाळ रडलं की लगेच दोन-तीन तुकडे बाळापासून लांब, चटईच्या दिशेने. त्याचं जेवणही जमेल तेव्हा बाळ जागं असतानाच, पण बेबी गेटच्या (दारात बसवायच्या छोट्या फाटकाच्या) पलीकडे. बाळ झोपलं की मात्र सगळं कंटाळवाणं: खेळ नाही, कौतुक नाही, त्यानेही झोपावं. ट्रीट वाटाण्याएवढ्या ठेवा आणि तेवढं त्याच्या रोजच्या खाण्यातून कमी करा, लॅब फुगायला वेळ लागत नाही.

‘आता त्याच्या वाटचं प्रेम कमी होणार’ म्हणून शेवटच्या महिन्यात दिवसभर लाड करणं हेही त्याच जातीचं. उंचावर चढवून खाली ढकलल्यासारखं होतं. आत्तापासूनच लक्ष थोडं कमी करा आणि त्याच्या वेळा विस्कळीत करा. जेवण, फिरणं अर्धा-पाऊण तास मागेपुढे होऊ द्या. रात्री झोपायची जागा बदलायची असेल तर ती आज बदला, बाळ आल्यावर नाही.

आता ती चटई. एकच गोष्ट नीट शिकवायला वेळ असेल तर ही शिकवा. कडेने उचलता येईल अशी जाडसर चटई घ्या, सत्र झालं की गुंडाळून ठेवा. तिच्यावर पाय पडला की तुकडा, बसला की तुकडा, आडवा झाला की तीन-चार. तुकडा हातातून भरवायचा नाही, पुढच्या पंजांच्या मध्ये जमिनीवर ठेवायचा. हातातून दिला की तो हाताकडे झेपावत राहतो, जमिनीवर ठेवला की डोकं खाली जातं आणि अंगही सैल पडतं. आधी तीन सेकंद, मग पाच, मग दहा. मोकळं करायचा एक ठरलेला शब्द हवा, नाहीतर कधी उठायचं हे तोच ठरवतो. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार वेळा. दोनदा ओळीने उठला म्हणजे तुम्ही घाई करताय, मागच्या पायरीवर या. मग एकेक अडचण वाढवा: तुम्ही खुर्चीत, तुम्ही उभे, हातात गुंडाळलेली उशी, शेवटी बेल. बेल सगळ्यात शेवटी, ती त्याच्यासाठी सगळ्यात अवघड असते.

उशीऐवजी बाहुली घेतली तरी चालेल, पण ते बाळ नाही हे त्याला वासावरून क्षणात कळतं. सराव खरा तुमचा होतो: एक हात अडकलेला, पाठ वाकलेली, तरी आवाज शांत. बाहुली त्याला खेळायला मात्र कधीच देऊ नका.

रडण्याची रेकॉर्डिंग बहुतेक जण चुकीची वापरतात. मोठ्याने लावून ‘बघू काय करतो’ असं नाही. फक्त कान हलेल इतक्या बारीक आवाजात सुरू करा. आवाज आधी, खाणं एका सेकंदाने नंतर. आवाज बंद, खाणंही बंद. क्रम उलटला तर खाणं दिसताच तो दचकायची तयारी करू लागतो. दोन-चार वेगवेगळी रडणी वापरा आणि स्पीकर पाळणा असेल त्या खोलीत ठेवा.

बेबी गेट आजच लावा, बाळाबरोबर आणू नका. उड्या मारणाऱ्या लॅबला दाबून बसवायचं गेट पुरत नाही, स्क्रूने भिंतीत बसवायचं घ्या, उभ्या दांड्यांचं. आडव्या दांड्या म्हणजे शिडी. बाबागाडी रिकामी ढकलत त्याला आत्ताच फिरवा, आणि लीश (त्याला धरायचा पट्टा) गाडीला कधीही बांधू नका.

दमवण्याबद्दल: तासभर चेंडू फेकल्याने असा कुत्रा शांत होत नाही, उलट त्याची दमायची मर्यादा वाढते आणि डोकं तापलेलंच राहतं. वास घेत, रेंगाळत फिरू द्या. चाटायला, चघळायला द्या.

पहिल्या दिवशी आई बाळाशिवाय आत येऊन त्याला भेटेल. मग बाळ, कुत्रा सैल लीशवर, लीश दुसऱ्याच्या हातात. बाळ त्याच्या नाकाशी नेऊ नका, दुपटं तोंडावर दाबू नका. त्याला यायचं नसेल तर नको.

आता थोडा राग. गुरगुरला की पाठीवर पाडून दाबून धरा, ‘मालक कोण ते दाखवा’ असं पैसे घेऊन शिकवणारं एक नावाजलेलं प्रशिक्षण केंद्र मला माहीत आहे. नाव घेत नाही. ही ‘अल्फा’ची, म्हणजे कळपात दादागिरी करणारा एक म्होरक्या असतो ही, कल्पना कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली, आणि ती पसरवण्यात ज्यांचा हातभार होता त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये रानातले कळप म्हणजे आईबाप आणि पिल्लं असतात असं लिहून ती बाजूला ठेवली. केंद्रांपर्यंत ते अजून पोचलेलं दिसत नाही. गुरगुरणं दाबलं की भीती जात नाही, इशारा जातो. मग थेट दात. गुरगुरला तर शांतपणे अंतर वाढवा आणि कशावरून झालं ते लिहून ठेवा. त्याच्या आधीच्या खुणा ओळखा: खाणं नसताना ओठ चाटणं, जांभई, मान फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, तोंड मिटून ताठरणं. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे असं नाही. ताठ, उंच, बारीक हलणारी शेपूट वेगळं सांगते.

मी व्हेट (जनावरांचा डॉक्टर) नाही, तुमचा कुत्रा पाहिलेला नाही. पण आवाज न करता बाळावर नजर खिळवून ताठ उभा राहत असेल, किंवा बाळ हललं की झेप घेत असेल, तर वरचं काहीच करत बसू नका. दोघांना वेगळं ठेवून जनावरांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या व्हेटला गाठा. आणि एरवीही, कितीही गुणी असला तरी एकाच खोलीत जागा मोठा माणूस हवाच. सोफ्यावर पेंगणारा धरायचा नाही.

जाता जाता: वापरलेले डायपर लॅब हमखास पळवतात. आतलं जेल पोटात फुगतं आणि आतडं अडू शकतं, म्हणून पायाने उघडायची, घट्ट झाकणाची बादली घ्या. डायपर रॅशच्या क्रीममध्ये बहुधा झिंक ऑक्साइड असतं, कुत्र्याने ट्यूब चघळली तर विषबाधा होऊ शकते. व्हिटॅमिन डीचे थेंबही उंचावर ठेवा.

आणि गेट सहा महिन्यांनी काढून ठेवू नका. पाळण्यातलं बाळ जागेवर असतं. खरी कसोटी ते साधारण सात ते दहा महिन्यांत रांगायला लागतं तेव्हा असते, जेव्हा ते कुत्र्याच्या ताटलीकडे, झोपायच्या जागेकडे स्वतःहून जातं आणि शेपटी धरून उभं राहू बघतं. त्याची चटई आणि पाणी तेव्हा गेटच्या त्या बाजूला हवं, जिथे बाळ पोचत नाही.