अचूकता ९५ टक्के, तरी परीक्षकांना पटेना

प्रश्न : विद्यापीठाच्या नवोपक्रम स्पर्धेसाठी आम्ही चौघांनी यंत्राचे सदोष सुटे भाग फोटोवरून ओळखणारे एआय मॉडेल तयार केले. अचूकता ९५ टक्के आली, तरी परीक्षकांना पटले नाही. कुठे कमी पडलो?

उत्तर : आधी डेटा मोजा. १०० फोटोंत सदोष भाग ५च असतील, तर सरसकट ‘चांगला’ म्हणणारे मॉडेलही ९५ टक्के अचूक ठरते, आणि दोष मात्र एकही पकडत नाही! म्हणून ५ पैकी किती दोष सापडले आणि किती चांगले भाग उगाच बाद झाले, हे दोन आकडे वेगळे सांगा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकाच भागाचे फोटो मॉडेलच्या प्रशिक्षणातही असतात आणि चाचणीतही; मग मॉडेल आधी पाहिलेलाच भाग ओळखते आणि अचूकता फुगलेली दिसते. प्रशिक्षण आणि चाचणी अशी विभागणी फोटोंनुसार नको, भागांनुसार करा.

आणि तपासणी करणाऱ्या कामगारांशी बोललात का? ‘हे ॲप वापराल का?’ असे विचारले की लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘मागच्या वेळी दोष निसटला तेव्हा काय केलंत?’ असे विचारा. एकाने विचारावे, दुसऱ्याने फक्त टिपून घ्यावे. सादरीकरणात मॉडेलने चुकवलेले ३-४ फोटो परीक्षकांनी विचारण्याआधीच दाखवा.