ख्रिस्ती लोक गरिबी आणि दुःख ही पापाची शिक्षा मानतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, देव प्रेमळ असेल तर चांगली माणसं गरिबीत आणि आजारात का खितपत पडतात, आणि आम्ही ख्रिस्ती लोक त्याला शिक्षा मानतो का. दुसरी आधी घेतो कारण ती मला लागलीय. नाही, शिक्षा नाही. बायबल हातात धरून जो कोणी शिक्षा आहे म्हणतो त्याने ते वाचलेलं नाही.

मी दहावीत असताना वडिलांना पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पगार बंद. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक पुढारी प्रार्थनेला म्हणून आले, खुर्चीत बसले आणि आईला म्हणाले, घरात काहीतरी लपलेलं पाप आहे, तुमचा दशांश (मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) थकलाय ना? आणि बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३:१० वाचून दाखवलं, सगळा दशांश भांडारात आणा. आई काही बोलली नाही. उशाखाली डॉक्टरांच्या चिठ्ठीत गुंडाळलेले औषधाचे पैसे होते ते तिने काढून त्यांना दिले, मग ती चिठ्ठी हाताने सरळ करून परत उशाखाली ठेवली. वडिलांना बोलता येत नव्हतं पण कळत सगळं होतं, डाव्या हाताने ते चादर ओढत राहिले. मी दारात उभा होतो.

माझा मोठा भाऊ आजही म्हणतो, आईने खुशीने दिलं, बायबलमधल्या त्या गरीब विधवेने होती नव्हती ती दोन नाणी मंदिराच्या दानपेटीत टाकली तसं, त्यावर तू कोण बोलणार. अरे दादा, मार्क १२ मधे ती विधवा येते त्याच्या लगेच आधीचं ४०वं वचन वाच ना, येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांवर, तुटून पडलाय तिथे. आणि मलाखीचंच ३:५ घे, मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा-पोरक्यांना छळणारे, यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्ष देणार आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षीचा दशांश परक्याने, पोरक्याने, विधवेने पोटभर खावं म्हणूनच सांगितलाय. म्हणजे त्या दिवशी मंडळीतून पैसे आमच्या घरी यायला हवे होते! वीस वर्षं मी हे सांगतोय.

शिक्षेबद्दल येशू स्वतः काय म्हणतो बघा. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? तो म्हणतो कुणाचंच नाही (योहान ९). शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती? तिथेही नाहीच म्हणतो (लूक १३). बायबलमधला ईयोब नीतिमान असून सगळं गमावून बसला, त्याचे मित्र ‘तू काहीतरी केलं असशील’ म्हणत राहिले आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला.

गरिबीला पवित्र म्हणून ओवाळणारेही मला पटत नाहीत. ‘गरीब नेहमी तुमच्याजवळ असतील’ हे वाक्य लोक हात झटकायला वापरतात, पण येशूच्या तोंडी ते अनुवाद १५ वरून आलंय आणि तिथे पुढे लगेच आहे की म्हणून आपला हात सैल सोड. १९६८ मधे कोलंबियातल्या मेडेलिन शहरात लॅटिन अमेरिकेतले बिशप जमले, त्यांनीही स्पष्ट सांगितलं की लोकांवर लादलेली ही गरिबी अन्याय आहे.

आता तुमचा ‘का’. जुना ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन म्हणतो वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, कुणी माणसाच्या स्वतंत्र इच्छेवर बोट ठेवतो, त्या खाटेजवळ मला यातलं काहीच पुरलं नाही. मला धरून ठेवलं ते वधस्तंभावरच्या येशूच्या ओरडण्याने, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? हा प्रश्न देवाच्या पुत्रानेच विचारलाय तर आपण विचारला म्हणून विश्वास कमी पडत नाही. तुमच्या घरात कुणी आजारी असेल आणि कुणी पाप शोधायला येत असेल तर त्याला सरळ दार दाखवा.

दशांश देणं चूक आहे असं माझं म्हणणं नाही, मी स्वतः देतो, आणि सगळे पुढारी तसे नसतात. त्याच मंडळीतली एक बाई रोज संध्याकाळी यायची, वडिलांची कूस बदलायला आईला हात लावायची, घाण झालेली चादर धुवायची आणि तासभर नुसती बसायची. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस असेच काही न बोलता बसले होते. तिने आमच्याकडे एकदाही बायबल उघडलं नाही. दादा, तुलाही ती आठवत असेल.